भरलेला सुयांचा डबा आणि २८ गोळ्या: लेसोथोतल्या एका प्लेसमेंटचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातली विद्यार्थिनी, गाव आणि दवाखाना ओळखू येऊ नयेत म्हणून तपशील बदलले आहेत. बासोथो घरांत मुक्कामाला आलेल्या पाहुण्याला तिथलं नाव देण्याची पद्धत आहे. तसंच एक नाव घेऊन आपण विद्यार्थिनीला पालेसा म्हणू. सेसोथोत पालेसा म्हणजे फूल.

पार्श्वभूमी

लेसोथो चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला आहे. देशातली सर्वांत सखल जागासुद्धा समुद्रसपाटीपासून सुमारे १,४०० मीटरवर आहे, म्हणजे जवळपास महाबळेश्वरच्या उंचीवर. पालेसाचं गाव त्याहून बरंच वर, २,२०० मीटरच्या आसपास. जून ते ऑगस्ट तिथे कडाक्याचा हिवाळा असतो. रात्री पारा शून्याखाली जातो, नळ गोठतात आणि बर्फ पडलं की घाट बंद होतो.

एचआयव्हीचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांपैकी हा एक. २०२० साली घरोघरी झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १५ वर्षांवरच्या दर १०० जणांमागे सुमारे २३ जण एचआयव्हीबाधित आढळले. त्यातले बहुसंख्य उपचारांवर आहेत आणि त्यांचा विषाणू आटोक्यात आहे. इथल्या ग्रामीण दवाखान्यांची ही मोठी कमाई आहे, आणि ती मुख्यतः नर्सच्या जिवावर झाली आहे. डोंगरातल्या दवाखान्यात डॉक्टर रोज नसतो. तपासणी, औषधं, बाळंतपण, टीबी, एआरटी (एचआयव्हीवरचे रोजचे औषधोपचार) हे सगळं दोन-तीन नर्स बघतात. रुग्णाची नोंदवही रुग्णाकडेच असते. तिला बुकाना म्हणतात. दवाखान्यात आणि गावात दुवा म्हणून गावची आरोग्यसेविका असते, आपल्याकडच्या आशाताईंसारखी.

पालेसा मूळची पश्चिम महाराष्ट्रातली. बी.एस्सी. नर्सिंग, मग दोन वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी एका रुग्णालयात नोकरी, आणि त्यानंतर युरोपातल्या एका विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. त्याचा भाग म्हणून आठ आठवड्यांची प्लेसमेंट, म्हणजे प्रत्यक्ष दवाखान्यात राहून अनुभव घेणं, होतं. विद्यापीठाने एका मध्यस्थ संस्थेमार्फत दवाखाना आणि राहायला घर, दोन्ही ठरवून दिलं होतं. घर गावच्या आरोग्यसेविकेचं. पालेसा त्यांना तिथल्या रीतीप्रमाणे 'म्मे', म्हणजे आई, म्हणायची. पहिल्या दिवशी म्मे तिला गावप्रमुखाकडे, म्हणजे मोरेनाकडे, घेऊन गेल्या. पाहुणा कोणाकडे उतरलाय हे मोरेनाला सांगितल्याशिवाय गावात वावरायचं नसतं. ज्यांनी हे केलं नाही त्यांना पुढे प्रत्येक दारात 'तू कोण' ऐकावं लागतं.

घर म्हणजे गवताने शाकारलेली गोल खोली, बाहेर संडास, सार्वजनिक नळावरून बादलीने आणलेलं पाणी आणि उबेसाठी रॉकेलचा हीटर. हीटर चालू ठेवून दार-खिडकी घट्ट बंद करून झोपायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडने माणूस झोपेतच जातो, हे म्मेंनी पहिल्याच रात्री सांगितलं. संस्थेच्या माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नव्हता. जेवायला मक्याच्या पिठाचा घट्ट पापा, चिरून शिजवलेली पालेभाजी म्हणजे मोरोहो, आणि सकाळी ज्वारीचं आंबवलेलं मोतोहो. मोतोहो पहिल्यांदा तोंडात घेतल्यावर मराठी माणसाला आंबीलच आठवेल. पालेसा शाकाहारी होती आणि तिचं हिमोग्लोबिन कमी असायचं. घरून आणलेली लोहाची गोळी ती रोज सकाळी ७ वाजता उपाशीपोटी घ्यायची. या गोळीचा पुढे संबंध येतो.

ती सकाळ

तिसरा आठवडा, मंगळवार. मंगळवारी आणि गुरुवारी मोटरसायकलवाला रक्ताचे नमुने जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत न्यायला येतो, त्यामुळे व्हायरल लोडचं (रक्तात विषाणू किती आहे ते मोजायचं) रक्त त्याच दिवशी काढतात. तो ११ वाजता येणार होता. एक नर्स रजेवर, दुसरी एका रुग्णाच्या बाळंतपणात अडकलेली. बाकावर १४ जण बसले होते. इन्चार्ज सिस्टरने पालेसाला विचारलं, "तू नर्स आहेस ना? रक्त काढता येतं?" तिला येत होतं, आणि चांगलं येत होतं. ती हो म्हणाली.

पहिला निर्णय तो हाच, आणि तो चुकला. विद्यापीठ आणि संस्था यांच्यातल्या करारात 'फक्त निरीक्षण' अशी एक ओळ होती. ती ओळ दवाखान्यात कोणी पाहिलेली नव्हती. सिस्टरला तोंडी एवढंच कळलं होतं की येणारी मुलगी नर्स आहे. पालेसाची नोंदणी महाराष्ट्रातल्या नर्सिंग कौन्सिलची, लेसोथोतली नाही. म्हणजे कौशल्य होतं, पण परवानगी नव्हती. अशा वेळी 'येत नाही' म्हणणं सोपं असतं. 'येतं, पण मला करता येणार नाही' हे समोर १४ माणसं ताटकळत असताना म्हणणं फार कठीण असतं. म्हणून ते वाक्य प्लेसमेंटच्या पहिल्या दिवशी, गर्दी नसताना, प्लेसमेंट सांभाळणाऱ्या कोऑर्डिनेटरने सिस्टरला सांगून ठेवायचं असतं. ते विद्यार्थ्यावर टाकायचं नसतं.

दुसरा भाग साधनांचा. भारतात ती सिरिंजने रक्त काढायला आणि सुई हब कटरमध्ये कापून पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात टाकायला शिकली होती. इथे व्हॅक्यूम ट्यूबची पद्धत होती: प्लास्टिकचा होल्डर, त्यात फिरवून बसवलेली दुतोंडी सुई, मागून जांभळ्या बुचाची ट्यूब. होल्डर एकदाच वापरून सुईसकट फेकायचा असतो. पण होल्डरची शेवटची पेटी उघडलेली होती, म्हणून दवाखान्यात सुई काढून होल्डर पुन्हा वापरत. पुठ्ठ्याच्या पिवळ्या ५ लिटरच्या डब्याला सुई अडकवून काढायची खाच नसते. त्यामुळे सुई बोटांनी फिरवून काढावी लागते. डबा तीन चतुर्थांश भरला की बंद करायचा, ही खूण त्याच्यावर छापलेली असते. हा डबा तोंडापर्यंत आला होता. हातमोजेही मोठ्या मापाचेच उरले होते, बोटांच्या टोकाशी दुमडणारे.

नवव्या रुग्णाची सुई डब्याच्या फटीत सारताना ती आत कशाला तरी अडली आणि परत आली. डाव्या तर्जनीला टोचलं. मोज्याच्या आत रक्ताचा एक थेंब दिसला. वेळ १० वाजून ४५ मिनिटं.

कोणती सुई टोचली, हे तिला सांगता येत नव्हतं. हातातलीही असू शकत होती आणि फटीतून डोकावणारी जुनीही. पुढच्या सगळ्या निर्णयांना या एका मुद्द्याने दिशा दिली.

पहिला तास

नळ गोठलेला होता. बादलीतलं पाणी एकाने मगाने ओतलं आणि तिने साबणाने बोट धुतलं. ओतत राहिलेलं पाणी वाहत्या पाण्याचंच काम करतं. सफाई कामगार बाईंनी मदतीच्या भावनेने ब्लीच आणलं, सिस्टरने ते परत पाठवलं. बोट दाबून रक्त काढणं, चोखणं, ब्लीच किंवा स्पिरिटमध्ये बुडवणं यांतलं काहीही करायचं नाही. त्याने ऊतींना इजा होते आणि फायदा शून्य.

पोकळ सुई, त्वचेच्या आत गेलेली, रक्त दिसलेलं. एचआयव्हीबाधित रक्ताच्या अशा टोचण्यातून लागण होण्याचा धोका सरासरी ०.३ टक्के, म्हणजे हजारात तीन, मानला जातो. समोरचा रुग्ण उपचारांवर आणि विषाणू दबलेला असेल तर तो आणखी बराच कमी होतो. खुर्चीतल्या बाईंच्या, म्हणजे त्या नवव्या रुग्णाच्या, बुकानात मागचा व्हायरल लोड चांगला होता, पण तो १४ महिन्यांपूर्वीचा. आजचं रक्त त्याचसाठी काढलं होतं.

सिस्टरपुढे दोन रस्ते होते. एक, बाईंच्या आजच्या चाचणीची वाट पाहायची. दोन, लगेच पेप, म्हणजे संसर्ग टाळण्याची औषधं, सुरू करायची. पेप जितकी लवकर तितकी उपयोगी. ७२ तासांनंतर ती सुरू करत नाहीत. आणि चाचणीचा निकाल यायला दोन-तीन आठवडे लागणार होते. त्याहून मोठं कारण डब्याचं होतं: तीन आठवडे भरत आलेल्या डब्यातली कुणाची तरी सुई असू शकत असेल, तर खुर्चीतल्या बाईंचा निकाल कितीही चांगला आला तरी तो पुरेसा नाही. सिस्टरने वेळ घालवला नाही. टेनोफोविर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० आणि डोल्युटेग्राविर ५० अशी एकत्र गोळी कपाटातच होती. रोज शेकडो रुग्ण घेतात तीच. भारतातही पेपसाठी आता हीच देतात. पहिली गोळी ११ वाजून ३५ मिनिटांनी पोटात गेली. ५० मिनिटं. शहरातल्या मोठ्या रुग्णालयातही हे नेहमी जमत नाही.

पालेसाची स्वतःची एचआयव्ही चाचणी गोळीआधी केली नाही. चाचणीसाठी गोळी थांबवायची नसते, हे बरोबर. पण चाचणी लवकर करायचीच असते, कारण आधीपासून लागण नव्हती हे कागदावर असावं लागतं. दवाखान्यातला समुपदेशक म्मेंचा शेजारी होता. म्हणून ठरलं की दुसऱ्या दिवशी जिल्हा रुग्णालयात चाचणी करायची. एका दिवसाने काही बिघडत नव्हतं आणि गुपित राहत होतं. हा निर्णय चांगला होता.

जिल्हा रुग्णालय आणि तीन पेच

बुधवारी मिनीबसने अडीच तासांचा प्रवास. एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी, आणि किडनीसाठी क्रिएटिनिन एवढं रक्त गेलं.

हेपॅटायटिस बीचा पेच पहिला. ज्याला संरक्षण नाही त्याला हा विषाणू सुईतून एचआयव्हीपेक्षा किती तरी सहज लागतो. रुग्ण फार संसर्गजन्य असेल तर धोका ३० टक्क्यांपर्यंत जातो. पालेसाने नर्सिंगला असताना तीन डोस घेतले होते आणि विद्यापीठाच्या फॉर्मवर 'लस घेतली' या चौकटीत खूण केली होती. लस लागू पडली का, हे मात्र कधी तपासलं नव्हतं. अँटी-एचबीएस (लसीने रक्तात तयार होणारं संरक्षण) १० च्या वर आहे का, हा एवढाच प्रश्न, पण जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत ती चाचणी होत नव्हती. खुर्चीतल्या बाईंची चाचणी करून बघू, असं सुचलं. डब्यामुळे त्यावर विसंबणं शक्य नव्हतं. शेवटी लसीचा एक जादा डोस दिला. तिच्या गोळीतली टेनोफोविर आणि लॅमिव्हुडिन ही दोन्ही औषधं हेपॅटायटिस बीवरही चालतात, हा एक दिलासा. पण त्याचमुळे तिची स्वतःची एचबीएस अँटिजेन चाचणी (हा विषाणू अंगात आहे का ते दाखवणारी) आधी होणं गरजेचं होतं. आधीपासून हा विषाणू असलेल्या माणसाने ही औषधं २८ दिवसांनी एकदम बंद केली तर यकृताचा आजार उसळू शकतो. तिची चाचणी निगेटिव्ह आली.

दुसरा पेच गोळ्यांच्या संख्येचा. औषध खिडकीवर सात दिवसांच्या गोळ्या देऊन 'पुढच्या बुधवारी या' म्हणायची पद्धत होती. इन्चार्ज सिस्टरने फोनवर आग्रह धरला: पूर्ण द्या. जागतिक आरोग्य संघटनाही २०१४ पासून हेच सांगते आहे, की पेप तुकड्यातुकड्याने न देता २८ दिवसांची एकदम द्यावी, कारण परत यायचं म्हटलं की माणसं गळतात. ३० गोळ्यांची बाटली मिळाली. अकराव्या दिवशी बर्फ पडलं आणि घाट चार दिवस बंद राहिला. सात गोळ्या नेऊन पुढच्या बुधवारच्या फेरीत आणखी सातच मिळाल्या असत्या, तर चौदाव्या दिवसानंतर हातात काहीच उरलं नसतं, आणि घाट जेमतेम मोकळा होत होता. त्या एका फोनकॉलचं मोल फार आहे.

तिसरा पेच विद्यापीठातून आला. घटना कळवल्यावर पहिलं उत्तर आलं: ताबडतोब परत या. विमा कंपनीने ब्लोमफॉन्टेनच्या खासगी रुग्णालयाचं नाव सुचवलं. लेसोथोची राजधानी मासेरूपासून ते सुमारे दीडशे किलोमीटरवर, आणि डोंगरात गंभीर काही झालं तर सगळ्यांना तेच आठवतं. पण ते दक्षिण आफ्रिकेत आहे. भारतीय पासपोर्टवर तिथे शिरायला आधी व्हिसा लागतो. पालेसा जोहान्सबर्गहून रस्त्याने, मासेरू पुलावरच्या सीमेवरून आली होती आणि तिचा व्हिसा एकाच प्रवेशाचा होता. तो वापरून संपला होता. विमा होता, रुग्णालय होतं, गाडीची सोय होती, आणि मध्ये सीमा होती. यावेळी ब्लोमफॉन्टेनला जाण्याची वैद्यकीय गरज नव्हती. अपघात झाला असता तर?

पर्याय मांडले गेले. परत गेली तर तीच गोळी तिकडे घ्यायची, शिवाय दोन-तीन दिवसांच्या प्रवासात डोस चुकायची भीती. मासेरूला हलली तर रुग्णालय जवळ, पण ओळखीचं कोणी नाही. गावात राहिली तर औषध हातात आणि सिस्टर शेजारी. निर्णय पालेसाचा आहे, हे विद्यापीठाने दोन दिवसांनी मान्य केलं. ती राहिली.

पहिला आठवडा: बाटली कुठे ठेवायची

एआरटीची बाटली लेसोथोत सगळे ओळखतात. नुसत्या आवाजाने ओळखतात. प्लास्टिकच्या बाटलीतल्या गोळ्यांचा खुळखुळ मिनीबसमध्ये कुणाच्या पिशवीतून आला की माना वळतात. घरात कोणी पाहू नये म्हणून पालेसाने बाटली दवाखान्याच्या कपाटात ठेवली. सकाळी ९ वाजता कामावर पोचलं की गोळी घ्यायची.

शनिवारी दवाखान्याला कुलूप होतं. किल्ली सिस्टरकडे आणि सिस्टर मासेरूला. गोळी मिळाली रविवारी सकाळी १० वाजता, म्हणजे २५ तास उशिरा. सोमवारी जिल्ह्याच्या फार्मासिस्टशी बोलणं झालं. चुकलेली म्हणून दोन एकदम घ्यायच्या नाहीत, एक घ्यायची आणि पुढे चालू ठेवायचं. उशीर ४८ तासांच्या पुढे गेला असता तर सगळा विचार नव्याने करावा लागला असता.

त्याच फोनवर दुसरी गोष्ट बाहेर आली. फार्मासिस्टने विचारलं, आणखी काही घेतेस? लोहाची गोळी, सकाळी ७ वाजता, उपाशीपोटी. आणि मळमळतं म्हणून मधूनच ॲसिडिटीची चघळायची गोळी. लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीच्या गोळीतलं ॲल्युमिनियम किंवा मॅग्नेशियम डोल्युटेग्राविरला पोटातच धरून ठेवतात, ते रक्तात कमी उतरतं. बाकीच्या दोन औषधांवर हा परिणाम होत नाही, म्हणून आधीचे दिवस वाया गेले नव्हते. वेळापत्रक बदललं: पेप सकाळी मोतोहो खाताना, लोह रात्रीच्या जेवणानंतर, आणि ॲसिडिटीची गोळी लागलीच तर पेपनंतर किमान दोन तासांनी. पेपच्या आधी घेतली असेल तर मध्ये सहा तास हवेत. हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारायचा असतो. 'कुठली औषधं चालू आहेत' असं विचारलं की माणसं लोह, कॅल्शियम, जेलुसिल यांना औषधांत मोजत नाहीत. नाव घेऊन विचारावं लागतं.

घरातला पेच

आता बाटली घरी आली. सिस्टरने गोळ्यांवर कापसाचा बोळा दाबून बसवला. खुळखुळ बंद करायची ही युक्ती रुग्णांनीच शोधलेली. तरीही एका खोलीत राहताना किती लपणार?

दोन दिवसांनी पालेसाच्या ताटाशेजारी उकडलेलं अंडं यायला लागलं. ती अंडी खायची, हे म्मेंना ठाऊक होतं. पण हिवाळ्यात कोंबड्या कमी घालतात आणि अंडी विकायची असतात. चौथ्या दिवशी घरात दोघीच असताना म्मे म्हणाल्या, "लपवू नकोस. मी अकरा वर्षं घेतेय. रिकाम्या पोटी घेऊ नये, म्हणून अंडं." (म्मेंची ही बाब त्यांच्या संमतीनेच इथे आली आहे.)

या प्रसंगाची तयारी कुठल्याच प्रशिक्षणात नव्हती. 'मला तो आजार नाही' म्हटलं तर म्मेंनी एका गैरसमजावर आपलं गुपित दिलं असं होतं, आणि ते वाक्य त्यांच्या तोंडावर आपटल्यासारखं लागलं असतं. गप्प राहिलं तर ते खोटं. आणि खरं सांगितलं, सुई टोचली, तर म्मे आरोग्यसेविका. कोणत्या मंगळवारी कोण कोण आलं होतं हे त्यांना माहीत. खुर्चीतल्या बाईंचं घर तिथून चौथं.

पालेसाने त्या संध्याकाळी फक्त आभार मानले आणि अंडं खाल्लं. दुसऱ्या दिवशी कोऑर्डिनेटरला फोन केला. त्यासाठी गावामागच्या टेकडीवर जावं लागतं, घरात रेंज नाही. कोऑर्डिनेटरचं पहिलं मत घर बदलण्याचं होतं. ते सुरक्षित वाटतं, पण म्मेंनी मन उघडलं आणि पाहुणी दुसऱ्या दिवशी घर सोडून गेली, याचा अर्थ गाव काय लावेल? सिस्टरशी बोलून तिघींनी शब्द ठरवले. काय सांगायचं: दवाखान्यात काम करताना सुई टोचली, कुणाची ते कळायला मार्ग नाही, गोळ्या महिनाभर खबरदारीच्या. काय सांगायचं नाही: दिवस, वेळ, खुर्चीत कोण होतं. कोणत्या क्रमाने: आधी म्मेंनी जे सांगितलं ते कोणापर्यंत जाणार नाही हे, मग स्वतःचं.

डब्यामुळे 'कुणाची ते कळायला मार्ग नाही' हे अक्षरशः खरं होतं, त्यामुळे खोटं बोलावं लागलं नाही. सुई हातातली असती तर हे शब्द वापरता आले नसते. तेव्हा 'दवाखान्याबाहेर याबद्दल बोलायची मला परवानगी नाही' एवढंच म्हणणं योग्य ठरलं असतं, आणि तेही खरंच आहे.

म्मेंनी ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, किती राहिल्या? सतरा. "मग रोज सकाळी माझ्यासोबतच घे." तिथून पुढे एकही गोळी चुकली नाही. अंडंही थांबलं नाही.

निष्पत्ती

२८ गोळ्या पूर्ण झाल्या. सुरुवातीचे आठ-दहा दिवस मळमळ, डोकेदुखी आणि रात्री दोन-दोन वाजेपर्यंत जाग. औषधाने की भीतीने, हे वेगळं करता येत नाही. दवाखान्यातलं काम बदललं: टोचणं-कापणं पूर्ण बंद. उपचार अर्ध्यावर सोडलेल्यांची यादी रजिस्टरातून काढणं आणि आरोग्यसेविकांबरोबर त्यांच्या घरी जाणं सुरू झालं. तिच्या प्रबंधाचा उत्तम भाग याच कामातून आला. सहा आठवड्यांची आणि तीन महिन्यांची एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह, हेपॅटायटिसच्याही. तोवर रक्तदान नाही आणि जोडीदार असल्यास कंडोम, हे तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

दवाखान्यात डब्यावर जाड मार्करने रेघ मारायला आणि डबा मांडल्याची तारीख लिहायला सुरुवात झाली. होल्डरची मागणी मात्र पुढचे दोन महिने तशीच पडून होती.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत स्वस्त सुधारणा कराराच्या त्या एका ओळीची. 'फक्त निरीक्षण' याने काही कळत नाही. काय चालेल (रक्तदाब, वजन-उंची, नोंदी, गृहभेटी) आणि काय नाही (सुई, बोट टोचायची लॅन्सेट, टाके, बाळंतपण) अशी एका पानाची यादी करून ती इन्चार्ज सिस्टरच्या हातात द्यायला हवी होती, विद्यार्थिनी पोचण्याच्या आधी. आधीपासून नर्स किंवा डॉक्टर असलेल्या विद्यार्थ्यांना तिची गरज जास्त, कारण विचारलं त्यांनाच जातं.

हेपॅटायटिस बीची अँटी-एचबीएस चाचणी निघण्याच्या किमान आठ आठवडे आधी करावी. कमी आली तर डोस घ्यायला वेळ मिळतो. भारतातल्या कोणत्याही बऱ्या प्रयोगशाळेत ती होते. नर्सिंग-मेडिकलच्या मुलांनी तीन डोस झाले म्हणून ती टाळू नये.

लेसोथोला जाणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाने दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचाच मागावा, जरी विमानाने थेट मासेरूला उतरायचं असलं तरी. एस्वातिनीतल्या (पूर्वीच्या स्वाझीलँडमधल्या) प्लेसमेंटलाही हेच लागू, तिथूनही मोठ्या रुग्णालयाची वाट बहुतेकदा सीमा ओलांडते.

घर आणि दवाखाना यांच्यात अंतर ठेवायचं का, यावर मतं दोन आहेत. आरोग्यसेविकेच्या घरी मुक्काम हा संस्थांना सोयीचा वाटतो: भाषा येते, दवाखाना माहीत असतो. पण विद्यार्थ्याचं आजारपण आणि रुग्णांची गुपितं एकाच चुलीपाशी येतात. इथे म्मेंच्या मोठ्या मनामुळे निभावलं. दुसऱ्या घरात निभावलं नसतं, आणि सोय मनावर टाकून चालत नाही. निदान कुलूप लावता येईल असा एक पत्र्याचा डबा विद्यार्थ्याच्या खोलीत असावा. त्याचा खर्च काहीशे मालोटी (लेसोथोचं चलन). तो असता तर बाटली शनिवारी कुलपात अडकली नसती.

आणि खुर्चीतल्या बाई. टोचलं तेव्हा त्या घाबरून उठल्या होत्या आणि आपल्यामुळे झालं असं म्हणत होत्या. सिस्टरने त्यांना तेव्हा धीर दिला, पण नंतर कोणी काही कळवलं नाही. त्यांचा व्हायरल लोड विषाणू दबलेला असाच आला, तोही त्यांना नेहमीच्या तारखेलाच समजला. तीन महिन्यांनी गोळ्या न्यायला आल्या तेव्हा खिडकीशी त्यांनी आधी विचारलं, ती मुलगी बरी आहे ना? विद्यापीठाच्या घटना-नोंदीच्या फॉर्ममध्ये तोपर्यंत रुग्णाला कोणी, कधी आणि किती सांगायचं याला जागाच नव्हती. आता एक रकाना आहे.